राखणदाराची राखण



आज बोलायचं आहे कुत्र्याबद्दल. हसू नका, कारण विषय कुत्र्याचा असला तरी हिशेब आपल्या कामाचा आहे.

बोईसरच्या सोसायट्यांमध्ये, एमआयडीसीच्या चाळींमध्ये आणि पालघरच्या नव्या इमारतींमध्ये आता बरीच घरं कुत्रा पाळतात. गणपती आले की कोकणातली माणसं गावाकडे निघतात. दिवाळीनंतर छठपूजेसाठी बिहार-उत्तर प्रदेशाच्या गाड्या भरून जातात. मे महिन्यात तर शाळेला सुट्टी, म्हणून सगळेच बाहेर. घराला कुलूप लागतं, गॅस बंद होतो, पाण्याचा नळ तपासला जातो आणि शेवटी आठवतं, कुत्र्याचं काय? मग जवळच्या पाड्यावरच्या ओळखीच्या बाईला फोन जातो. "ताई, आठ दिवस जरा बघाल का?"

त्या "जरा बघाल का" मध्ये काय काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. दोन वेळचं खाणं, पाणी, फिरवणं, घाण काढणं, रात्री भुंकला तर उठणं. आणि परत आल्यावर हातात काय पडतं? कधी मिठाईचा पुडा, कधी शंभराची नोट, कधी नुसतंच "तुमचे उपकार झाले". दुसऱ्याचं जनावर सांभाळणं हे फुकटचं काम पूर्वीपासून होतं का? नव्हतं. ते कसं, हेच आज सांगायचं आहे.

आपल्या गावापासून सुरुवात करू. गावचा गुराखी सकाळी घराघरातून गुरं सोडवून रानात न्यायचा आणि दिवस मावळताना परत आणायचा. त्याचं मोल ठरलेलं असायचं. वर्षाला प्रत्येक जनावरामागे इतकं धान्य, आणि ते खळ्यावर भात झोडून झालं की मिळायचं. रोजची भाकरी पाळीपाळीने घरांनी द्यायची. पैसा दिसत नव्हता, पण मोल होतं आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं.

दुसरी रीत अर्धलीची. ज्याच्याकडे शेळी आहे पण सांभाळायला माणूस नाही, त्याने ती एखाद्या गरजू बाईकडे द्यायची. तिने वर्षभर चारायची, बांधायची, राखायची. करडं झाली की निम्मी मालकाची, निम्मी तिची. कितीतरी एकट्या बायांचा संसार या अर्धलीवर उभा राहिला आहे. इथेही कागद नव्हता, पण बोली पक्की होती.

गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, शेळी करडं देते. या जनावरांच्या सांभाळाचं मोल त्यांच्याच पोटातून किंवा खांद्यावरून निघतं. कुत्र्याचं तसं नाही. तो घर राखतो, रानात माणसाच्या पुढे चालतो, बिबट्याची चाहूल आधी देतो. पण त्याची अर्धली लावता येत नाही. मग त्याच्या भाकरीचं मोल कोण देणार? गावात याचं उत्तर सोपं होतं. कुत्रा एका घराचा असला तरी भाकरी चार घरची खायचा. आपल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि इतर कामाला बाहेर पडतात, पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचा कुत्रा मागे राहिलेल्या म्हाताऱ्या सासूकडे किंवा शेजाऱ्याकडे राहतो, उरलेली पेज आणि नागलीची भाकर खातो. ज्याच्या ताटातलं उरतं तोच सांभाळतो. जिथे उरायलाच काही नसतं तिथे कुत्रा उपाशी भटकतो.

भटकणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या शेजारच्या मुंबईत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी इतका पेटला की दंगल झाली. ती हकिकत ऐकण्यासारखी आहे.

त्या काळी मुंबईत कंपनी सरकारचं राज्य होतं. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात या भीतीने ठरावीक महिन्यांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असे. त्या काळच्या मजुराला आठ आणे म्हणजे मोठी रक्कम. बक्षिसाच्या आशेने कुत्रे पकडणारे रस्त्यावरचा कोणता आणि घरचा कोणता हे बघेनासे झाले. अंगणातली, उंबऱ्यावरची कुत्रीही ओढून नेतात अशा तक्रारी सुरू झाल्या.

फोर्टात पारशांची वस्ती मोठी होती आणि पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. माणूस गेल्यावर अंत्यविधीत मृतदेहाजवळ कुत्रा आणून त्याची नजर पाडतात. त्या विधीला सगदीद म्हणतात. पारशी आपल्याला परके नाहीत. आपल्या डहाणूजवळच्या बारोटच्या डोंगरातल्या गुहांमध्ये त्यांचा पवित्र अग्नी बारा वर्षं जपून ठेवला होता, अशी त्यांची परंपरा सांगते. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत इराणी-पारशी घरं आजही आहेत. अशा माणसांच्या दारातून कुत्रा ओढून नेला तर काय होईल?

६ जून १८३२ रोजी फोर्टात कुत्रे पकडणाऱ्यांना लोकांनी घेरलं आणि मारहाण केली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनीही दुकानं लावून घेतली. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद जमावाने अडवली. शेवटी सरकारने फौज बोलावली आणि धरपकड केली. दंगल शमली, पण कुत्र्यांचा प्रश्न तसाच राहिला.

पुढे जे झालं ते आपल्या विषयाचं आहे. शहरातल्या मोठ्या व्यापाऱ्यांनी सरकारला अर्ज केला की कुत्री मारू नका, शहराबाहेर नेऊन ठेवा. त्यांत पुढे होते जमशेटजी जीजीभाई. नुसता अर्ज करून हे लोक थांबले नाहीत. "मारू नका" म्हणायचं तर "सांभाळणार कोण आणि खर्च कोणाचा" हेही सांगावं लागतं. १८३४ साली जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. बेवारशी कुत्री, म्हातारी गुरं, जखमी जनावरं यांना तिथे जागा मिळाली.

एकदा देणगी देऊन जनावराचं पोट वर्षभर भरत नाही, ते रोज भरावं लागतं. व्यापाऱ्यांना याचा अनुभव होता. त्यांनी आपल्या मालावर लागा बसवून घेतला. बाजारातून माल गेला की त्यावर ठरलेली थोडीशी रक्कम पांजरपोळीला जायची. एकट्याला जड जाईल ते सगळ्यांत वाटलं, आणि दिवाळी असो की पावसाळा, पैसा येत राहिला. आपल्या बचत गटात आपण दर महिन्याला थोडे थोडे टाकतो, त्यामागचं शहाणपण हेच. पांजरपोळ आजही आहे. मुंबईत चेंबूरलाही तिची मोठी जागा आहे.

या इतिहासात जमशेटजींचं नाव आहे, मोतीशा शेठचं आहे. पण त्या पांजरपोळीत रोज सकाळी शेण काढणारे, पाणी भरणारे, भाकऱ्या थापणारे हात कोणाचे होते? त्यांची नावं आपल्याला कोणी सांगत नाही. पैसा देणाऱ्याचं नाव राहिलं, राबणाऱ्याचं गेलं. म्हणून आपल्या कामाचा हिशेब आपण स्वतः मांडून ठेवायला हवा.

पांजरपोळ बेवारशी जनावरांची. पण ज्याला मालक आहे, फक्त तो चार दिवस घरी नाही, त्या कुत्र्याचं काय? इंग्रज साहेबांच्या बंगल्यात यासाठी पगारी माणूस असायचा. कुत्र्याला दोरी धरून फिरवणारा म्हणून त्याला डोरिया म्हणत. साहेब दौऱ्यावर गेला तरी डोरियाचा पगार चालू. म्हणजे कुत्रा सांभाळणं ही नोकरी आहे, हे तेव्हाच्या साहेबालाही मान्य होतं.

आणि गावाकडे? गावाकडे होता कोंडवाडा. जुन्या बायांना आठवत असेल, दुसऱ्याच्या शेतात गुरू शिरलं की धरून कोंडवाड्यात घालायचे. १८७१ साली सरकारने याचा कायदा केला. त्यात दोन वेगळ्या रकमा होत्या. एक दंडाची, आणि दुसरी त्या जनावराला दिलेल्या चारा-पाण्याची. दंड भरला तरी चारा-पाण्याचे पैसे वेगळे द्यावे लागत, तेव्हाच गुरू सुटे. शिवाय कायद्याने सांगितलं होतं की दंडाचे आणि चारा-पाण्याचे दर लिहून कोंडवाड्याजवळ सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचे. दर आधी माहीत, म्हणून घासाघीस नाही.

कोंडवाड्याबद्दल कोणाला प्रेम नव्हतं. गरिबाची गाय तिथे अडकली की घरात रडारड व्हायची, पैसे भरता आले नाहीत तर लिलावात जायची. पण चारा-पाण्याच्या दराची ती पाटी आपण उचलण्यासारखी आहे. त्या पाटीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. पुढे बोईसरला तारापूर एमआयडीसी वाढली. देशभरातून माणसं कामाला आली, इमारती उठल्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला आणि आणखी नोकरदार आले. या माणसांचा मूळ गाव दूर. आजी-आजोबा घरात नाहीत, शेजारी कोण ते नीट माहीत नाही. चार घरची भाकरी खाणारा कुत्रा इथे एका बंद फ्लॅटचा झाला. घर बंद झालं की त्याच्या पोटाचा प्रश्न एकदम उभा राहतो.

सोबत न्यावा तर तेही सोपं नाही. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर पार्सल ऑफिसात नोंद करून गार्डच्या डब्यातल्या पेटीतून न्यावा लागतो. उन्हाळ्यात दोन दिवसांच्या प्रवासात त्या पेटीत मुक्या जनावराचे हाल होतात. म्हणून काही लोक त्याला दाराबाहेर सोडून देतात आणि म्हणतात, मिळेल कुठेतरी खायला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आपल्या जनावराला पुरेसं अन्नपाणी न देणं आणि उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज त्यात कुत्र्याचं एका दिवसाचं खाणंही धड येत नाही. टाकून देणं इतकं स्वस्त असल्यावर कायद्याच्या धाकाने फार काही होणार नाही. सांभाळायची चांगली सोय जवळ मिळाली, तर माणूस कुत्रा टाकून जाणार नाही.

ती सोय आपण करू शकतो. जागा आपल्याकडे आहे, जनावराची सवय आहे. कमी पडतो तो ठराव. म्हणून आता व्यवहाराचं बोलू.

आगोटीची बेगमी आपण पावसात करतो का? नाही. मिरची, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा, सगळं उन्हातच भरून ठेवतो. सणाच्या कुत्र्याचंही तसंच. दिवाळीत कुत्रा ठेवायचा असेल तर दसऱ्याच्या आत सांगा, असं गिऱ्हाइकाला सांगायचं. निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे, म्हणजे आयत्या वेळी "आमचं जाणं रद्द झालं" म्हणून आपली जागा रिकामी राहणार नाही. एका बाईने एका वेळी दोनच्या वर कुत्रे घेऊ नयेत. सणाला मागणी खूप येईल, मोह होईल, पण चार अनोळखी कुत्रे एका पडवीत आले की भांडणं आणि चावे ठरलेले.

दर कसा काढायचा? समजा, एका मध्यम कुत्र्याच्या खाण्याला दिवसाला ८० रुपये लागतात. फिरवणं, साफसफाई आणि राखण याचे १७० रुपये धरले, तर दिवसाचे झाले २५०. दहा दिवसांचे २,५००, त्यातले १,२५० आगाऊ. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावातला तांदूळ, अंडी, मजुरी बघून गटाने आपला दर काढायचा. पण खाण्याचे पैसे आणि कामाचे पैसे वेगवेगळे लिहायचे, कोंडवाड्याच्या कायद्यात चारा-पाण्याचे वेगळे होते तसे. नाहीतर मालक खाऊची पिशवी आणून देतो आणि त्याला वाटतं, सगळे पैसे फिटले. खाणं त्याने दिलं तर ८० वजा होतील, १७० नाही.

मालकाला हा खर्च जड वाटला तर त्याला लाग्याची गोष्ट सांगा. वर्षातून एकदा २,५०० द्यायचे तर दर महिन्याला २५० बाजूला टाकले की दहा महिन्यांत जमतात. कुत्रा घरी आणला त्या दिवसापासून हा डबा वेगळा ठेवावा.

आणि सणाचा दर जास्त का? हे लाजू नका, नीट सांगा. दुसऱ्याचा कुत्रा दारात असेल तर त्या बाईला भाऊबीजेला माहेरी जाता येत नाही. वर्षातून एकदा भाऊ वाट बघतो आणि ती जात नाही, कारण दुसरं कुटुंब आपल्या भावाकडे गेलेलं असतं. त्या दिवसाचं मोल रोजच्यापेक्षा जास्त असलंच पाहिजे. गटात काम वाटून घेतलं तर आणखी बरं. एका दिवाळीत एकीने माहेरी जावं, पुढच्या वेळी दुसरीने.

पैशांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेबीज. १८३२ ची सगळी दंगल ज्या भीतीतून पेटली, ती भीती खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने माणूस मरतो आणि लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही. तेव्हा लस नव्हती, आता आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस आणि मग दर वर्षी. म्हणून नियम एकच, लस टोचल्याचं कार्ड नाही तर कुत्रा घ्यायचा नाही. मालक कितीही ओळखीचा असो. आपल्या घरात लहान मुलं आहेत.

तरीही चावला किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. लसीचे सगळे डोस पूर्ण घ्यायचे. हळद, चुना, मिरची, मंत्र-तंत्र यात वेळ घालवायचा नाही.

घेताना एका वहीत लिहून घ्या. मालकाचं नाव, फोन, गावी गेल्यावर लागणारा दुसरा फोन. काय खातो, काय चालत नाही. औषध चालू आहे का. आजारी पडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा आणि किती रकमेपर्यंत न विचारता करायचा. मादी माजावर आहे का. मालक ठरल्या दिवशी आला नाही तर वाढीव दिवसांचे पैसे. पळून गेला किंवा मेला तर कोण किती जबाबदार. हे विचारायला अवघड वाटतं, पण आधी विचारलेलं बरं. मग दोघांनी सही करायची.

दिवाळीत फटाक्यांना कुत्रे फार घाबरतात, साखळी तोडून पळतात. संध्याकाळी आतल्या खोलीत ठेवा, दार लावून घ्या. आणि ज्या गावांत बिबट्या फिरतो तिथे रात्री कुत्रा अंगणात बांधू नका. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला दिलेलं आमंत्रण, आणि बिबट्या अंगणात आला की धोका फक्त कुत्र्याला राहत नाही.

आपल्या स्वतःच्या पाड्यावरच्या कुत्र्यांनाही विसरायचं नाही. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने जाताना शेजारणीकडे दोन पायल्या नागली किंवा तांदूळ ठेवून जावं. उचल घेतली त्यातून एवढं बाजूला काढता येतं. आणि लसीसाठी गटाने एकत्र अर्ज घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं, पाड्यावर शिबीर मागावं. एकटी बाई गेली तर "नंतर या" म्हणतात. पंधरा जणी गेल्या की तारीख मिळते.

आणि आता ती पाटी. गटाच्या पुढच्या बैठकीत एक पुठ्ठा घ्या. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. खाण्याचे इतके, राखणीचे इतके, सणाच्या दिवशी इतके, निम्मे आगाऊ, लसीचं कार्ड आवश्यक. दिसेल अशा जागी टांगा. मग पुढच्या वेळी फोन आला, "ताई, जरा बघाल का?", तर म्हणा, "बघू की. पाटीचा फोटो पाठवते."